भुयारी वाहिन्यांतील गाळ : गोदाकाठचा एक दुर्लक्षित प्रश्न

घरात नळाला पाणी येते, तेव्हा पाणीपुरवठा योजनेचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागत नाही. वापरलेले पाणी मात्र एकदा मोरीच्या जाळीखाली गेले की ते कोठे जाते आणि वाटेत त्याचे काय होते, याचा विचार सहसा केला जात नाही. तो विचार करणे भाग पडते, तेव्हा बहुधा चेंबरचे झाकण उचलून मैलापाणी रस्त्यावर आलेले असते, किंवा पहिल्याच मोठ्या पावसात बाजारपेठेतील दुकानांचे उंबरे पाण्याखाली गेलेले असतात. अशा वेळी वाहिनी अपुरी पडली, असे म्हटले जाते. पुष्कळदा वाहिनी पुरेशी असते. तिच्या पोटात साचलेल्या गाळाने तिची जागा व्यापलेली असते. हा गाळ कसा साचतो, तो कसा काढावा आणि तो काढताना कोणती जबाबदारी पाळावी, याचा परिचय नाशिक शहराच्या संदर्भात येथे करून देण्याचा हेतू आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. पुढे ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर येथील नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. एका बाजूस गोदाकाठच्या टेकड्यांवरील जुने गावठाण, दुसऱ्या बाजूस सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती व नव्या वस्त्या, असा या शहराचा विस्तार आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरण ओलांडून शहरात येते, रामकुंड व तपोवन या तीर्थस्थानांवरून पुढे जाते आणि नासर्डी, वाघाडी यांसारखे प्रवाह तिला येऊन मिळतात. जमिनीचा नैसर्गिक उतार नदीकडे असल्यामुळे सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची दिशाही साहजिकच नदीकडेच आहे. त्यामुळे वाहिनीत बिघाड कोठेही झाला, तरी त्याचा परिणाम अखेर गोदावरीच्या पात्रापर्यंत पोहोचतो.

गाळ येतो कोठून?

शहरात पाणी वाहून नेणाऱ्या भुयारी वाहिन्या दोन प्रकारच्या असतात. घरांतील व शौचालयांतील पाणी मलवाहिन्यांतून तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणच्या मलनिस्सारण केंद्रांकडे जावे, आणि पावसाचे पाणी स्वतंत्र पावसाळी गटारांतून नाल्यांत व नदीत जावे, अशी ही विभक्त व्यवस्था आहे. दोन्ही वाहिन्यांत गाळ साचतो, परंतु त्याचे स्वरूप निरनिराळे असते.

मलवाहिनीतील गाळात रेती व मातीचे कण, भांडी घासण्याची राख, तेलकट थर, चिंध्या आणि सडणारे सेंद्रिय द्रव्य यांचे मिश्रण असते. तेलकट पदार्थ थंड होऊन चिकटतात व रेतीचे कण एकत्र बांधून ठेवतात. त्यामुळे हा थर कालांतराने घट्ट होतो. पावसाळी गटारातील गाळ मुख्यत्वे रस्त्यावरचा असतो. रस्त्याच्या कडेची माती, बांधकामाची वाळू व खडी, खोदकामानंतर तसाच राहिलेला मुरूम, झाडांचा पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा त्यात भरणा असतो. नाशिकमध्ये पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत रस्त्यावर जे साठते, ते पहिल्या दोन-तीन सरींबरोबर जाळ्यांतून आत जाते.

यात आणखी एक भर पडते. काही ठिकाणी गच्चीवरील किंवा अंगणातील पावसाचे पाणी मलवाहिनीस जोडलेले असते, तर काही ठिकाणी सांडपाणी पावसाळी गटारात सोडलेले असते. पहिल्या प्रकारात मलवाहिनीत अकारण माती शिरते. दुसऱ्या प्रकारात मैलापाणी कोणतीही प्रक्रिया न होता थेट नाल्यास मिळते. विभक्त व्यवस्थेचा मूळ उद्देशच अशा जोडण्यांमुळे विफल होतो.

वेगाचे गणित

पाण्याने कण वाहून न्यावा की खाली टाकावा, हे प्रवाहाच्या वेगावर ठरते. रेतीचा कण पाण्यापेक्षा सुमारे २.६५ पट जड असतो, तर सेंद्रिय कण पाण्यापेक्षा थोडेच जड असतात. म्हणून वेग मंदावला की प्रथम रेती तळाशी बसते. वेग निम्मा झाला, तर वाहून नेता येणाऱ्या कणाचा आकार स्थूलमानाने एक चतुर्थांशावर येतो. धरणात गाळ साचतो तोही याच नियमाने. नाशिक येथेच १९५९ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे सर्वपरिचित 'मेरी'चे, जलाशयांतील गाळासंबंधीचे कार्य प्रसिद्ध आहे. जलाशयात जे अनेक वर्षांत घडते, ते मंद उताराच्या वाहिनीत काही महिन्यांत घडते.

यासाठी मलवाहिनीची आखणी करताना तिच्यातील प्रवाहाने स्वतःचा तळ स्वतःच धुवावा, असा वेग गृहीत धरला जातो. भारतातील प्रचलित तांत्रिक मार्गदर्शिकेनुसार सुरुवातीच्या काळातील सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी हा वेग किमान सेकंदास ०.६ मीटर, आणि आराखड्यातील अंतिम लोकसंख्येच्या सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी ०.८ मीटर असावा लागतो. अडचण अशी की, मोठी वाहिनी पुढील तीस वर्षांची वस्ती लक्षात घेऊन टाकली जाते. वस्ती पूर्ण भरेपर्यंत तिच्यातून पाणी थोडेच वाहते, आणि रात्री तर प्रवाह अगदीच क्षीण असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अभियंत्यांनी यावर एक साधा उपाय योजला होता. त्यांनी वाहिनीचा छेद अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता ठेवला, जेणेकरून थोडे पाणीही अरुंद तळातून वेगाने जावे. मुंबईच्या जुन्या मुख्य वाहिन्यांतही हा आकार आढळतो.

पावसाळी गटाराची अडचण वेगळी आहे. त्याचे मुख नाल्यात किंवा नदीत उघडते. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची उंची मोजतात. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. नदीची पातळी अशी वाढली की काठावरील वाहिन्यांची मुखे पाण्याखाली जातात, आतील प्रवाह थबकतो आणि त्याने आणलेली माती तेथेच बसते. पूर ओसरल्यानंतर घाटावरचा व रस्त्यावरचा चिखल नळीच्या पाण्याने जवळच्या चेंबरमध्ये लोटण्याचा मोह होतो. तसे केल्यास पुराने वर आणून टाकलेला गाळ आपण स्वहस्ते भुयारात भरतो.

थर किती मोठा असतो?

एक उदाहरण घेऊ. ९०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीत तळापासून वीतभर, म्हणजे व्यासाच्या एक चतुर्थांश उंचीचा थर साचला आहे, असे समजा. वरून पाहणाऱ्यास हा थर किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात त्याने छेदाचे सुमारे २० टक्के क्षेत्र व्यापलेले असते, आणि खडबडीत तळामुळे वहनक्षमता त्याहूनही अधिक घटते. दर १०० मीटर लांबीत हा गाळ सुमारे १२ घनमीटर, म्हणजे ४ ब्रासांहून अधिक भरतो. ओल्या स्थितीत त्याचे वजन २० टनांच्या आसपास जाते. एक किलोमीटर वाहिनीसाठी हाच हिशेब ४० ब्रासांच्या पुढे जातो. हे काम दोन माणसे, एक बादली व एक दोर यांच्या भरवशावर सोपविण्यासारखे नाही, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट व्हावे.

गाळाचे दुष्परिणाम तुंबण्यापुरते मर्यादित राहत नाहीत. उदंचन केंद्रात पोहोचलेली रेती पंपाची पाती झिजविते. शुद्धीकरण केंद्राच्या आरंभी रेती वेगळी करणारे कुंड असते; त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक रेती आली, तर ती पुढील टाक्यांत बसून त्यांची उपयुक्त जागा कमी करते. तळाच्या थरात हवेअभावी सेंद्रिय द्रव्य सडते व हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वाहिनीच्या छताच्या ओलाव्यात जीवाणूंच्या क्रियेने त्याचे गंधकाम्ल होते आणि ते काँक्रीट खाऊन टाकते. रस्ता एकाएकी खचण्यामागे कधी कधी हेच कारण असते.

गाळ काढण्याच्या पद्धती

गाळ काढण्याचा सर्वांत जुना मार्ग पाण्याच्याच बळाचा आहे. वरच्या चेंबरमध्ये पाणी अडवून ते एकदम सोडले की त्याच्या लोंढ्याबरोबर सैल गाळ पुढे सरकतो. पॅरिस शहरात एकोणिसाव्या शतकात अभियंता बेलग्रां यांच्या देखरेखीखाली भुयारी वाहिन्यांचे जाळे उभे राहिले. तेथे या तत्त्वाचा कल्पक उपयोग करण्यात आला. वाहिनीच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा मोठा लाकडी गोळा आत सोडला जाई. त्याच्यामागे पाणी तुंबून दाब वाढे, आणि गोळ्याच्या कडेच्या अरुंद फटीतून ते अतिशय वेगाने उसळून पुढचा गाळ खरवडून काढी. या पद्धतीची मर्यादा अशी की, गाळ पुढे सरकतो, पण तो बाहेर काढण्याची सोय खालच्या टोकास स्वतंत्रपणे करावी लागते.

मोठ्या व्यासाच्या वाहिनीतील घट्ट गाळासाठी बादली-यंत्र वापरले जाते. लागोपाठच्या दोन चेंबरवर एकेक रहाट यंत्र ठेवून त्यांच्यामध्ये पोलादी दोर ओवला जातो आणि त्यास जबड्यासारखी उघडझाप करणारी बादली जोडली जाते. एका बाजूने ओढल्यावर बादलीचा जबडा गाळात रुतून ती भरते. उलट दिशेने ओढल्यावर तो मिटतो व भरलेली बादली चेंबरपाशी येऊन वर उचलली जाते. यंत्र साधे आहे, परंतु रेती, खडी व विटांचे तुकडे काढण्यास ते फार उपयोगी पडते.

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत जेटिंग व सक्शन यंत्रांची आहे. वाहनावरील टाकीतून वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाबाने पाणी एका मजबूत नळीत सोडले जाते. नळीच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांतून पाण्याचे फवारे मागच्या दिशेने उडतात. त्यांच्या प्रतिक्रियेने नळी खालच्या चेंबरकडून वरच्या चेंबरकडे आपोआप पुढे जाते. ती हळूहळू मागे ओढताना सुटलेला गाळ खालच्या चेंबरपाशी जमा होतो आणि तेथून निर्वात दाबाने टाकीत शोषून घेतला जातो. शोषलेल्या पाण्यातील गाळ वेगळा करून तेच पाणी पुन्हा फवाऱ्यासाठी वापरणारी मोठी यंत्रेही उपलब्ध आहेत. पाणीटंचाईच्या दिवसांत शुद्ध पाण्याची बचत करणारी ही सोय विशेष मोलाची आहे. अरुंद चेंबरमध्ये यंत्रमानव उतरवून गाळ व अडथळे काढण्याचे प्रयोगही देशात सुरू झाले असून, केरळात २०१८ मध्ये वापरात आलेले 'बँडिकूट' हे यंत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. मलवाहिनीची सफाई वरच्या टोकापासून खाली करीत जावी. अन्यथा खालचा साफ केलेला भाग वरून आलेल्या गाळाने पुन्हा भरतो. पावसाळी गटाराचे मुख मात्र प्रथम मोकळे करावे, म्हणजे आत साठलेले पाणी निघून जाते. सफाईपूर्वी व सफाईनंतर वाहिनीत कॅमेरा फिरवून चित्रण केल्यास काम प्रत्यक्ष किती झाले, याचा पुरावा राहतो आणि तडा गेलेले सांधेही लक्षात येतात.

माणसाने उतरावयाचे नाही

या विषयाचा सर्वांत गंभीर भाग येथे येतो. चेंबरच्या तळाशी साठलेला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. प्रमाण अल्प असता त्याचा सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढल्यावर मात्र नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि धोका टळला, असा भ्रम निर्माण होतो. गाळाच्या थरात हा वायू अडकून राहिलेला असतो. माणूस आत उतरून गाळात पाय टाकतो, तेव्हा थर ढवळला जाऊन वायू एकदम मोकळा होतो व क्षणात शुद्ध हरपते. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच चेंबरने अनेकांचे बळी घेतल्याच्या बातम्या आपण वाचतो. झाकण उघडून ठेवल्याने किंवा काडी पेटवून पाहिल्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही. मिथेन वायू असल्यास पेटती काडी स्फोटास कारण होते.

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा आणि सफाई कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा २०१३ चा केंद्रीय कायदा या बाबतीत सुस्पष्ट आहे. मलवाहिनी किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही कामास लावणे हा गुन्हा असून, पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कायद्याखालील नियमांत माणसास आत उतरविण्याचे मोजके प्रसंग दिले आहेत. जेथे यंत्र चालत नाही, तेथे तुटलेले झाकण काढणे, मोठ्या वाहिनीस नवी वाहिनी जोडणे, तळाशी बसविलेला पंप काढणे आणि चेंबरची पुनर्बांधणी किंवा वाहिनीची दुरुस्ती, हे ते प्रसंग होत. याव्यतिरिक्त अगदीच अपरिहार्य वेळी स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. नित्याची गाळसफाई या यादीत नाही, हे प्रत्येक अभियंत्याने, सरपंचाने व ठेकेदाराने लक्षात ठेवले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंबाबत वारसांस दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली आणि ही अमानुष पद्धत पूर्णपणे बंद करण्यासाठी पावले उचलण्याचे निर्देश शासनांस देण्यात आले. काम ठेकेदारामार्फत करून घेतले, म्हणून स्थानिक संस्थेची जबाबदारी संपत नाही. यास्तव निविदेतच यंत्रांचा प्रकार, वायुमापक, प्रशिक्षित कर्मचारी व विमा यांच्या अटी असाव्यात. केवळ दर कमी म्हणून यंत्राविना येणाऱ्या ठेकेदारास काम देणे, म्हणजे माणूस आत उतरणार हे आधीच मान्य करण्यासारखे आहे.

काढलेल्या गाळाचे काय?

नालेसफाईच्या दिवसांत चेंबरच्या कडेला ओल्या गाळाचे ढीग दिसतात. उचलण्यास उशीर झाला आणि पाऊस आला, तर हा गाळ आल्या वाटेने परत जातो, आणि झालेला खर्च वाया जातो. गाळ शक्यतो थेट वाहनात भरावा. त्याचे पाणी निथळू द्यावयाचे असल्यास निथळलेले पाणी पुन्हा मलवाहिनीतच जाईल, अशी व्यवस्था असावी. मलवाहिनीतील गाळात रोगजंतू असतात; औद्योगिक भागातील गाळात जड धातू असण्याचा संभव असतो. असा गाळ खत समजून शेतात टाकणे किंवा भरावासाठी ओढ्याकाठी टाकणे योग्य नव्हे. त्याची विल्हेवाट ठरवून दिलेल्या जागीच व्हावी, आणि किती खेपा गेल्या याची नोंद वजनासह ठेवली जावी.

नाशिकच्या खालच्या अंगाच्या गावांसाठी हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. शहरातून निसटलेला गाळ गोदावरीतून निफाड तालुक्याकडे जातो. तेथील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या जलाशयात वर्षानुवर्षे गाळ बसून उथळ पाणथळ जागा तयार झाल्या आणि पक्ष्यांना आश्रय मिळाला. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय. या जलाशयास नदीने आणलेली माती पचविता आली. शहराचा मैलामिश्रित गाळ पचविण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ मध्ये जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हेही येथे स्मरणात ठेवावे.

उगमाशीच रोखणे

गाळ काढण्यापेक्षा तो आत जाऊ न देणे नेहमीच स्वस्त पडते. रस्त्याच्या जाळीखाली थोडा खोल खड्डा ठेवून त्यात रेती अडविणे व तो वेळोवेळी उपसणे, बांधकामाची वाळू रस्त्यावर उघडी न ठेवणे, खोदकामानंतर मुरूम त्वरित उचलणे, उपाहारगृहांच्या सांडपाण्यासाठी तेल अडविणारे कुंड बसविणे, हे उपाय कोणत्याही शहरास परवडणारे आहेत. घंटागाडी ही नाशिकच्या अंगवळणी पडलेली व्यवस्था आहे. जो कचरा घंटागाडीत पडतो, तो चेंबरमध्ये पडत नाही, एवढी साधी गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परिसरातील एखादी जाळी दाखवून समजावून द्यावी. काचेच्या बरणीत माती, रेती व पाणी ढवळून स्थिर ठेवले, तर रेती प्रथम तळाशी बसते, हा प्रयोग वर्गातही करता येतो.

ग्रामपंचायतींनाही हा विषय परका नाही. गावोगावी सांडपाण्याच्या बंदिस्त गटारांची कामे होत आहेत. ती करताना पुरेसा उतार, ठराविक अंतरावर उघडता येणारे चेंबर आणि गटाराच्या शेवटी रेती अडविणारा खड्डा, या तीन गोष्टी आराखड्यातच असाव्यात. सेप्टिक टँक उपसताना लागू होणारा कायदा गावात व शहरात एकच आहे. स्वतःचे यंत्र घेणे एका पंचायतीस शक्य नसेल, तर जवळच्या नगरपालिकेचे यंत्र ठरलेल्या दराने मागविता येईल किंवा काही पंचायतींना मिळून ही सोय करता येईल.

नाशिकवर दर बारा वर्षांनी सिंहस्थाचा भार येतो. २०१५-१६ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. भाविकांच्या गर्दीने काही दिवसांत मलवाहिन्यांतील प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, आणि पर्वस्नानाचे दिवस पावसाळ्यातच येतात. ज्या वाहिनीचा पाचवा हिस्सा गाळाने व्यापलेला आहे, ती नेमकी त्याच दिवशी रामकुंडाच्या परिसरात मैलापाणी बाहेर टाकील. म्हणून सफाईचे वेळापत्रक तक्रारींवर अवलंबून न ठेवता वाहिनीच्या प्रत्यक्ष स्थितीवर आधारावे. पावसाळा संपताच मुख्य वाहिन्यांतील थराची उंची मोजावी, हिवाळ्यात निविदा पूर्ण कराव्यात आणि मे महिनाअखेर गाळ काढून, उचलून व मोजून व्हावा. प्रत्येक चेंबरमागे थराची उंची, काढलेल्या गाळाचे वजन आणि वापरलेले यंत्र यांची नोंद एका वहीत असावी. त्याच वहीत आत उतरलेल्या माणसांचा एक रकाना असावा, आणि वर्षअखेर तो रिकामा असावा.